स्कीइंग करायचं आहे, गोव्यात राहते: कॉलेज कुठलं निवडावं?

वाळवंटीकाठी

नमस्कार मंडळी. मी साखळीची, यंदा बारावी सायन्स. अकरावीच्या हिवाळ्यात मनालीच्या पर्वतारोहण संस्थेचा सोलंगमधला बेसिक स्कीइंग कोर्स केला आणि तेव्हापासून डोक्यात दुसरं काही नाही. पुढच्या हिवाळ्यात गुलमर्गला एका प्रशिक्षकाकडे शिकले. दोन्ही स्की समांतर ठेवून वळणं घेता येतात. उतार टणक झाला की मात्र अजून हात-पाय आखडतात.

अभ्यासात भौतिकशास्त्र आवडतं. त्यातही हवामान, बर्फाचे थर, हिमस्खलन का होतं हे सगळं. घरी वाद चालू आहे. बाबा म्हणतात, कॉलेज अभ्यासासाठी निवडायचं, खेळ सुट्टीत खेळायचा. पण स्कीइंगचं तसं होत नाही ना! मे महिन्याच्या सुट्टीत मी कुठे जाऊ? बर्फ असतो तो जानेवारी-फेब्रुवारीत, आणि तेव्हा आपल्याकडे सेमिस्टर ऐन भरात असतं.

एनआयटी श्रीनगर, आयआयटी मंडी, अमेरिकेत युटाह आणि व्हरमाँट, युरोपात इन्सब्रुक अशी नावं काढून ठेवली आहेत. कुठल्या गोष्टी बघून ठरवावं? आणि तिथे गेल्यावर रुळायला काय काय लागतं? कुणी गेलं असेल तर मनापासून सांगा.

म्हापशेकर

बाय, धागा काढलास ते छान केलंस. मी सॉल्ट लेक सिटीला, युनिव्हर्सिटी ऑफ युटाहमध्ये मास्टर्स करते आहे. स्कीइंग इथे येऊनच शिकले, त्यामुळे शर्यतीतलं मला फारसं कळत नाही, पण विद्यार्थी म्हणून बर्फापर्यंत पोचायचं कसं हे नक्की सांगू शकते.

सगळे जण डोंगराचं नाव बघून कॉलेज निवडतात. तू आधी बस बघ. तुझ्याकडे गाडी नसणार. गाडी घेतलीस तरी बर्फाच्या घाटात चालवायची सवय नाही, आणि इथे हिवाळ्यात त्या रस्त्यांवर बर्फाचे टायर नसतील तर सोडत नाहीत. आमच्या कॅम्पसमधूनच ट्रॅक्स नावाची रेल्वे जाते, आणि विद्यार्थी ओळखपत्रावर ती आणि डोंगरावर जाणारी स्की बस दोन्ही चालतात. लिटल कॉटनवुड खोऱ्यात आल्टा आणि स्नोबर्ड, शेजारच्या बिग कॉटनवुडमध्ये ब्रायटन आणि सॉलिट्यूड. सकाळी निघून दुपारी परत येऊन संध्याकाळची लॅब करता येते. अर्थात ताजा बर्फ पडला की बस खच्चून भरून येते, आणि हिमस्खलनाचा धोका असेल तर लिटल कॉटनवुडचा रस्ता चक्क बंद ठेवतात.

बसनंतर वेळापत्रक बघ. शुक्रवार मोकळा ठेवता येतो का, लॅब कुठल्या दिवशी येतात, हे प्रवेशाआधी विचारता येतं आणि लोक उत्तर देतात. इथे विषय आपण निवडतो, त्यामुळे आठवड्यातला एक सबंध दिवस मोकळा काढणारे खूप आहेत.

आता शर्यतीच्या टीमबद्दल. डेन्व्हर, कोलोरॅडो, युटाह, व्हरमाँट ही विद्यापीठं एनसीएएची, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज खेळांच्या मुख्य संघटनेची, अजिंक्यपदं जिंकणारी आहेत. त्यांच्या टीममध्ये नॉर्वे, स्वीडन, ऑस्ट्रियाची मुलं असतात, किंवा इथल्या स्की अकादम्यांत लहानपणापासून वाढलेली. अकरावीत शिकायला सुरुवात केलेल्या मुलीला तिथे जागा नाही, हे आधीच माहीत असलेलं बरं. त्याच्या खाली यूएससीएसए नावाची क्लब पातळीवरची स्पर्धा आहे. तिथे कॉलेजांचे क्लब उतरतात आणि नव्या मुलांनाही घेतात. तुझ्यासाठी विचारायचा प्रश्न हाच: क्लब आहे का, आणि तो नवशिक्यांना घेतो का?

तुझ्या विषयाचं म्हणशील तर इथे अॅटमॉस्फेरिक सायन्सचा स्वतंत्र विभाग आहे, पदवीपासून. पैसा मात्र खूप लागतो. परदेशी विद्यार्थ्याची नुसती फी वर्षाला ३०,००० डॉलरच्या वर जाते. आणि एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सेमिस्टर चालू असताना कॅम्पसवरच काम करता येतं, तेही आठवड्याला जास्तीत जास्त २० तास. स्की रिसॉर्टवर शिकवून खर्च काढेन असं मनात असेल तर ते या व्हिसात बसत नाही.

केपेकर

वाचतोय. आमचा मुलगाही याच वाटेवर आहे. इतक्या फीसाठी कर्ज काढायचं तर मुलांनी खेळापायी अभ्यास मागे टाकू नये, एवढीच काळजी. म्हापशेकर ताई, तुमच्या आजूबाजूला कसं दिसतं?

म्हापशेकर

काका, नापास होणारे खेळापायी होतात असं मला तरी दिसलं नाही. पहिल्या हिवाळ्यात खोलीत एकटे बसून राहणारे जास्त खचतात. ऑगस्टअखेर कॉलेज सुरू होतं. गणेश चवथीला सगळं घर एकत्र आणि आपण इथे, हा पहिला धक्का. मग डिसेंबर-जानेवारीत या खोऱ्यात थंड हवा खाली अडकते, तिच्याबरोबर धूरही, आणि कित्येक दिवस शहरावर करडं झाकण बसल्यासारखं असतं. वर डोंगरात त्याच वेळी लख्ख ऊन असतं. क्लबमध्ये असलेली मुलं आठवड्यातून एकदा तरी त्या उन्हात जातात. माझी पहिली मैत्रीण मला क्लबच्या जुन्या सामानाच्या विक्रीत भेटली. ती बूट विकत होती, आणि मला ते घट्ट होतात म्हणून तिनेच मला दुसरीकडे पाठवलं.

दल_किनारा

मी फोंड्याचा. एनआयटी श्रीनगरला सिव्हिल केलं. एवढं परदेश परदेश वाचून राहवलं नाही म्हणून लिहितो.

आपल्या देशात गुलमर्गसारखा उतार दुसरा नाही. गावच २,६५० मीटरवर, गोंडोलाचा, म्हणजे रोपवेचा, दुसरा टप्पा अफरवट डोंगराच्या खांद्यावर जवळपास ४,००० मीटरपर्यंत नेतो. आमच्या कॉलेजपासून, म्हणजे हजरतबलपासून, टंगमर्गमार्गे साधारण ५५-६० किलोमीटर. सुमो शेअर करून जायचं. आणि जी गोष्ट वाळवंटीकाठीला सतावते आहे तिचं उत्तर काश्मीरमध्ये आपोआप मिळतं: इथे मोठी सुट्टी हिवाळ्यात असते. २१ डिसेंबरला चिल्लई कलां सुरू होतं, चाळीस दिवस कडाक्याची थंडी, आणि शाळा-कॉलेजांची सुट्टी त्याच काळात. बाकीचे घरी पळतात. स्कीइंगवाल्याने तेव्हाच थांबायचं. फक्त सुट्टीत होस्टेल चालू राहतं का, मेस चालते का, हे प्रवेशाच्या वेळीच विचारून घे. नाहीतर टंगमर्गला खोली बघावी लागते.

प्रवेश जेईई मेनवर, निम्म्या जागा इतर राज्यांसाठी. फी अमेरिकेच्या पासंगालाही पुरत नाही. गुलमर्गला केंद्र सरकारची स्कीइंग आणि पर्वतारोहण संस्था आहे, तिचे कोर्स रास्त दरात होतात. २०२० पासून खेलो इंडियाच्या हिवाळी खेळांतलं स्कीइंग तिथे होतं, तेव्हा देशातले चांगले खेळाडू समोर घसरताना दिसतात. २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये भारताचा एकटाच खेळाडू होता, आरिफ खान. तो याच भागातला. जायंट स्लॅलममध्ये, म्हणजे खांबांमधून वळणं घेत उतरायच्या शर्यतीत, ४५वा आला. टंगमर्गच्या कुठल्याही चहावाल्याला त्याच्याबद्दल विचार, चहा गार होईपर्यंत सांगत राहील.

रुळण्याचं म्हणशील तर गोव्याच्या माणसाला काश्मीर जड जात नाही. माणसं दोन्ही वेळ भात खाणारी. मासळी खातात, कमळाच्या देठाबरोबर शिजवलेली. आपलं हुमण नाही, पण भातावर रस्सा आहे म्हटल्यावर निम्मं दुःख जातं. नळाचं पाणी गोठतं, बादली भरून ठेवायची. प्रीपेड सिम बाहेरच्या राज्याचं चालत नाही, पोस्टपेड घेऊन जा. आणि गोंडोलाच्या वरच्या टप्प्यावर आखलेल्या वाटांबाहेर एकट्याने कधीच जायचं नाही. ट्रान्सीव्हर (बर्फाखाली गाडलेल्याचा ठाव देणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी), फावडं आणि ते वापरता येणारा जोडीदार, यातलं एक जरी नसलं तरी खाली राहायचं.

तुला भौतिकशास्त्र हवं आहे हे कळतं, पण सिव्हिल घेऊनही बर्फाकडे जाता येतं. डीआरडीओची डीजीआरई ही संस्था हिमस्खलनाचे इशारे देते. तिथे अभियंतेही लागतात आणि भौतिकशास्त्राची माणसंही.

वाळवंटीकाठी

दल_किनारा दादा, खूप खूप आभार. हिवाळ्याच्या सुट्टीचं मला कुणीच सांगितलं नव्हतं. आयआयटी मंडीबद्दल काही माहीत आहे का?

दल_किनारा

कमांदचा कॅम्पस सुंदर आहे. पण सोलंग तिथून शंभर किलोमीटरच्या वर पडतं आणि सेमिस्टर जानेवारी-फेब्रुवारीत चालूच असतं. ७५ टक्के हजेरी सांभाळून मनालीचा दोन आठवड्यांचा कोर्स बसवणं अवघड. मी तरी स्कीइंगसाठी म्हणून मंडी निवडणार नाही. उत्तराखंडमधल्या औलीचा उतार चांगला, पण २०२३ च्या जानेवारीत जोशीमठची जमीन खचली तेव्हा खालून वर जाणारा रोपवे बंद पडला. त्या भरवशावर कॉलेज ठरवू नको.

मिरामार_ते_व्हरमाँट

व्हरमाँटचं नाव आलं म्हणून थोडक्यात. मी मिडलबरीला आहे. छोटं कॉलेज, अडीच-तीन हजार मुलं, आणि कॉलेजच्या मालकीची स्वतःची स्की टेकडी, स्नो बोल. कॅम्पसवरून बस जाते. जानेवारीत इथे एकच विषय शिकायचा असतो, त्यामुळे दुपारी निम्मं कॉलेज डोंगरावर. काही मुलं फेब्रुवारीत पदवी पूर्ण करतात, ती पदवीदानाचा झगा घालून स्नो बोलवरून घसरत खाली येतात, आणि आई-बाबा खाली टाळ्या वाजवत उभे असतात.

खेळाची शिष्यवृत्ती इथे नाही, डार्टमथ कॉलेजलाही नाही. दोन्हीकडे मदत घरच्या उत्पन्नावर ठरते, आणि प्रवेश मिळाला तर पूर्ण गरज भागवतात. पण मिडलबरीत परदेशी मुलाला प्रवेश देताना तो किती मदत मागतो आहे हे बघतात. डार्टमथ ते बघत नाही. अर्ज करताना हा फरक लक्षात ठेव.

केपेकर

एक प्रश्न. माझ्या वडिलांचा जन्म १९६१ च्या आधीचा, पोर्तुगीज राजवटीतला. मुलाने पोर्तुगीज पासपोर्ट काढला तर युरोपात फी कमी लागते असं ऐकतो. खरं का? आमच्या वाड्यावरच्या दोघांनी काढला आहे.

नॉर्डकेट्टे

काका, मी इन्सब्रुकला आहे, मूळची डिचोलीची. फीचं खरं आहे. ऑस्ट्रियात युरोपीय संघाच्या नागरिकाला ठराविक वर्षांपर्यंत फी जवळजवळ नाहीच. आपल्या पासपोर्टवर सेमिस्टरला ७२६.७२ युरो पडतात. पण अमेरिकेशी ताडून बघा, हेसुद्धा काहीच नाही! तेवढ्यासाठी नागरिकत्व बदलू नये असं माझं स्पष्ट मत आहे, कारण पोर्तुगीज नागरिकत्व घेतलं की भारताचं जातं, आणि मग मुलाला भारताकडून कुठल्याच स्पर्धेत उतरता येत नाही. ओसीआय कार्डावर (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांना मिळतं ते) देशाची जर्सी मिळत नाही. स्कीइंगमध्ये आपल्या देशाकडून उतरणारे मोजके आहेत. ती वाट अठराव्या वर्षी बंद करू नका.

वाळवंटीकाठी, इन्सब्रुकबद्दल. १९६४ आणि १९७६ ची हिवाळी ऑलिंपिक या शहरात झाली. गावाच्या मध्यातून रेल्वे सुटते, पुढे रोपवे, आणि लेक्चर संपल्यावर अर्ध्या तासात मी २,२०० मीटरच्या वर असते. पण तुला आवडेल ती गोष्ट वेगळीच आहे. इथे हिवाळ्याचं सेमिस्टर ऑक्टोबर ते जानेवारी, उन्हाळ्याचं मार्चपासून. मधला फेब्रुवारी मोकळा! बर्फ सगळ्यात चांगला असतो त्या महिन्यात. विद्यापीठाची क्रीडा संस्था आहे, यूएसआय, ती विद्यार्थ्यांना कमी पैशात स्कीइंग शिकवते, अगदी पहिल्या पायरीपासून.

अडचण भाषेची. पदवीचे अभ्यासक्रम बहुतेक जर्मनमध्ये. वातावरणशास्त्राची मास्टर्स इंग्रजीत आहे. मी स्वतः गोव्यात बीएस्सी फिजिक्स करून मग आले, आणि मला तो क्रम योग्य वाटतो. कोवळ्या वयात भाषा, थंडी, स्वयंपाक आणि चार वाजता पडणारा अंधार हे सगळं एकदम अंगावर घेण्यापेक्षा घरी राहून पाया पक्का करायचा, दर हिवाळ्यात गुलमर्ग किंवा मनालीला जायचं, संध्याकाळी जर्मन शिकायचं. तेवीस-चोविसाव्या वर्षी आलीस तरी डोंगर कुठे जात नाहीत.

दल_किनारा

नॉर्डकेट्टे, याच्याशी मी सहमत नाही. अठरा ते बावीस ही चार वर्षं शरीर शिकण्याची आहेत. वर्षातून दोन आठवडे गुलमर्गला जाणारा माणूस पहिला आठवडा गेल्या वर्षीचं आठवण्यात घालवतो. तिला खेळात पुढे जायचं असेल तर बर्फाजवळच राहायला हवं.

नॉर्डकेट्टे

तिला शर्यतीत उतरायचं आहे का, हे आधी तिनेच सांगावं. दोन्हींची उत्तरं वेगळी.

वास्को_सडा

वाचून आनंद झाला. बाय, तुला बर्फाचं शास्त्र आवडतं आणि तू गोव्यात आहेस, तेव्हा हे माहीत असू दे: देशाचं ध्रुवीय संशोधन केंद्र, एनसीपीओआर, आपल्या वास्कोत हेडलँड सड्यावर आहे. अंटार्क्टिकाच्या मोहिमा इथून आखल्या जातात. हिमालयात स्पितीला ४,००० मीटरच्या वर त्यांचं हिमांश नावाचं ठाणं २०१६ पासून आहे. आणि अंटार्क्टिकाला जाणाऱ्यांना आधी बर्फाचं प्रशिक्षण कुठे देतात? औलीला, आयटीबीपीच्या (भारत-तिबेट सीमा पोलिसांच्या) स्कीइंग संस्थेत. म्हणजे स्की बांधता येणारा भौतिकशास्त्रज्ञ या संस्थांना हवाच असतो. बीएस्सी गोव्यात केलीस तर प्रोजेक्टसाठी त्यांच्याकडे विचारून बघ. बाबांना हेही सांग, खेळ आणि अभ्यास इथे एकाच वाटेवर आहेत.

मडगाव_फिजिओ

कॉलेज कुठलंही निवडा, दोन गोष्टी आधी. पहिली विमा. स्कीइंगमध्ये गुडघ्याचं एसीएल (आतला एक अस्थिबंध) तुटणं ही नेहमीची दुखापत आहे. शस्त्रक्रिया झाली तर खेळात परतायला नऊ महिने ते वर्ष धरा. अमेरिकेत विद्यार्थी विम्याच्या कागदात क्लबच्या खेळातली दुखापत धरली आहे का ते वाचा, काही ठिकाणी स्पर्धेतली दुखापत वगळलेली असते. ऑस्ट्रियात डोंगरावरून हेलिकॉप्टरने आणायचा खर्च साध्या विम्यात येत नाही. तिथल्या आल्पेनफेराइन या गिर्यारोहण संघटनेचं सदस्यत्व घेतलं की सुटकेचा विमा त्यातच मिळतो.

दुसरी, बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी पकड. पडल्यावर स्की पायातून सुटायला हवी. ती किती जोरात सुटावी हे वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि कौशल्य बघून दुकानातला माणूस ठरवतो. मित्राने स्क्रूड्रायव्हर घेऊन घट्ट करून दिली, असं करू नका. माझ्याकडे आलेला एक गुडघा तसाच गेला होता.

तयारी गोव्यातच करा. इनलाइन स्केट्सवर सकाळी ताळगावच्या पठारावर वळणांचा सराव, एका पायावर बैठका, आणि घाटात वरून खाली चालणं. चढण्यापेक्षा उतरताना मांडीचा पुढचा स्नायू जास्त तयार होतो, आणि स्कीवर त्याचंच काम असतं.

वाळवंटीकाठी

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री बाबांना अख्खा धागा वाचून दाखवला. वास्को_सडा काकांचं वाचल्यावर त्यांनी स्वतःहून विचारलं, सडा म्हणजे तोच का जिथून बंदर दिसतं? एनसीपीओआरमध्ये विद्यार्थ्यांना कधी आत जाऊन बघता येतं, हे ते चौकशी करणार आहेत.

नॉर्डकेट्टे ताई, शर्यतीबद्दल विचार केला. आल्पाइन, म्हणजे उतारावरून खाली यायच्या, शर्यतीत माझं वय गेलं हे मान्य करायला वाईट वाटतं, पण खरं आहे. मला डोंगरावर शास्त्रज्ञ म्हणून फिरता यायला हवं, आणि एकदा तरी छातीवर नंबर लावून शर्यतीत उतरायचं आहे.

दल_किनारा

मग क्रॉस-कंट्री बघ, म्हणजे सपाटीवर आणि चढ-उतारावर स्कीने लांब पल्ला कापायचा. त्यात दम लागतो, आणि दम समुद्रकिनारीही कमावता येतो. भवानी थेक्कडा कोडगूची, कर्नाटकातली. बर्फ न पडणाऱ्या गावातून येऊन ती खेलो इंडियात सुवर्णपदकं जिंकते. चाकांच्या रोलर स्की मिळतात, त्या डांबरी रस्त्यावर चालतात. म्हणजे गोव्यात बाराही महिने सराव. हे कळल्यावर नॉर्डकेट्टेचं म्हणणं मला आधीपेक्षा जास्त पटतं आहे.

वाळवंटीकाठी

मग असं ठरवते. जेईई देते आहेच. श्रीनगर मिळालं आणि हिवाळ्यात होस्टेल उघडं राहत असेल तर तिथे सिव्हिल. नाहीतर गोव्यात बीएस्सी फिजिक्स, रोलर स्की, जर्मन आणि पुढे इन्सब्रुकचा अर्ज. मिडलबरी आणि डार्टमथलाही अर्ज करून बघते, मदत मिळाली तरच.

अजून एक. गुलमर्गहून आणलेल्या जुन्या स्की घरी माळ्यावर आहेत. पहिल्याच पावसाळ्यात कडांना तांबेरा चढला आणि बुटांच्या आतल्या अस्तराला बुरशी. काय करू?

नॉर्डकेट्टे

कडांचा गंज हलक्या हाताने गम स्टोनने (गंज घासायच्या रबरी खड्याने) किंवा बारीक पॉलिश पेपरने काढ. मग मेण इस्त्रीने वितळवून तळाला लाव, कडांवरूनही ओघळू दे, आणि खरवडू नको. ते मेण पुढच्या हिवाळ्यापर्यंत तसंच राहू दे, म्हणजे दमट हवा लोखंडाला लागत नाही. खरवडायचं ते बर्फावर जायच्या आदल्या दिवशी. बुटांची आतली अस्तरं बाहेर काढ, व्हिनेगरच्या पाण्याने पुसून सावलीत पंख्याखाली खडखडीत वाळव, आणि परत घालून बकल हलके लावून ठेव. नाहीतर प्लॅस्टिकचा आकार बिघडतो. माळ्यावर नको ठेवू, कपाटात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेव.

म्हापशेकर

आणि नवीन बूट घेशील तेव्हा: उभं राहिल्यावर अंगठा पुढे जेमतेम टेकला पाहिजे, गुडघे वाकवून नडगी पुढे दाबली की तो सुटला पाहिजे. मोठा बूट आरामशीर वाटतो म्हणून घेऊ नको. स्की भाड्याने चालतील, बूट मात्र स्वतःचे असू देत. अमेरिकेच्या अर्जांसाठी निबंध लिहिलास की व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर, मी वाचून देईन.